टॉर्च लावून बघायची गाठ

देवगडचा आंबा उतरला, जूनमध्ये मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की सर्जनच्या दारात एक ठरावीक पेशंट दिसू लागतो. बायको बाहेर बाकावर, हा आत, आणि आवाज इतका खाली की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागतं. अंडकोशात गाठ आहे. आजची नाही, कधीची. दुखत नव्हती म्हणून हंगामामागून हंगाम लुंगीआड गेले.

अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण सगळ्या एकाच जातीच्या नसतात. तपासणी साधी आहे. खोलीत अंधार करून मागून टॉर्च लावायचा. आत निवळ पाणी असेल तर गाठ तांबूस उजळते. वृषणातली घट्ट गाठ उजेड अडवते. मग चाचपणी. वृषण वेगळं हाताला लागलं आणि गाठ त्याच्या वर-मागे असली, तर ती अधिवृषणाची. अधिवृषण म्हणजे वृषणाच्या पाठीला चिकटलेली वेटोळी नळी. उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. तिथल्या गाठीत शुक्राणू असतील तर द्रव पेजेच्या निवळीसारखा पांढुरका, नसतील तर स्वच्छ. वृषण हाताला लागतच नसेल, पाण्यानं सगळीकडून वेढलं असेल, तर ती अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील.

सिंधुदुर्गात अंडवृद्धी दिसली की हत्तीरोगाची शंका घ्यावीच लागते. क्युलेक्स डासातून आलेले कृमी लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत, ठाण मांडतात आणि निचरा तुंबतो. या कृमीची पिल्लं १८६३ साली पॅरिसमध्ये देमार्के या सर्जनला पहिल्यांदा दिसली, तीही अंडवृद्धीच्याच पाण्यात. ती रक्तात उतरतात रात्री, म्हणून आरोग्य कर्मचारी नमुने घ्यायला भलत्या वेळी दार वाजवतात.

‘सुई घालून पाणी काढा की!’ हा हट्ट नेहमीचा. पाणी निघतं, पण पिशवी तशीच राहते आणि बहुधा पुन्हा भरते. वर जंतू शिरण्याची भीती. अंडवृद्धीत सर्जन ते आवरण उघडून जादा भाग कापतो, किंवा उलटं करून वृषणामागे शिवतो. अधिवृषणाची गाठ मात्र नाजूक काम. छोटा छेद घेऊन वृषण तेवढ्यापुरतं बाहेर घ्यायचं, गाठ न फोडता एकेक पदर सोडवत मुळापर्यंत जायचं, मूळ दोऱ्यानं बांधून मग ती सुटी करायची. यात नळी दुखावली तर त्या बाजूच्या शुक्राणूंची वाट बंद होऊ शकते. म्हणून मूल हवं असलेल्या तरुणाला, गाठ त्रास देत नसेल तर, डॉक्टर थांबायला सांगतात. ते टाळाटाळ करत नाहीत, बरोबर सांगतात.

कातडीतल्या पिवळट गोळ्या सर्वांत सोप्या: जागा बधिर करून पिशवीसकट काढतात. पिळू नयेत, एवढंच. वृषणाच्या आतच कडक गाठ लागली तर गोष्ट वेगळी. तिथे सोनोग्राफी लगेच, सुई अजिबात नाही. कॅन्सरचा संशय असेल तर वृषण जांघेतून काढतात, अंडकोशावर छेद घेत नाहीत.

ऑपरेशननंतर अंडकोशाची कातडी लवकर भरून येते. आतला भाग मात्र सैल, रक्त साचायला भरपूर जागा. म्हणून घट्ट लंगोट, कापडात गुंडाळलेला बर्फ, आणि डॉक्टर सांगतील तोवर माडावर चढणं, जाळं ओढणं बंद. सुरुवातीला गाठीएवढाच फुगवटा हाताला लागतो नि पेशंट धास्तावतो. ती सूज असते, हळूहळू उतरते. पण ती एकदम वाढली, ताप आला किंवा टाक्यांतून पू दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं.