खाडीतून उडालेलं जहाज : ‘हार्मोनीलेरे’च्या ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

‘हार्मोनीलेरे’ सुरू होते तीच ठोक्यांनी. अख्खा वाद्यवृंद ई मायनरचा एकच स्वरमेळ घणाचे घाव घालावेत तसा आपटत राहतो. मोजणाऱ्यांनी मोजलेत, 39 वेळा. मग कुठे त्या दणक्यांखालून काहीतरी सळसळायला लागतं.

जॉन अ‍ॅडम्स या अमेरिकन संगीतकाराची ही साधारण चाळीस मिनिटांची रचना. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने ती मायकल टिल्सन थॉमस यांच्या संचालनाखाली डिसेंबर 2010 मध्ये डेव्हिस सिम्फनी हॉलमधल्या मैफलींतच ध्वनिमुद्रित केली. जोडीला ‘शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन’ ही चार मिनिटांची धावपळ घेतली आणि 2012 मध्ये आपल्याच लेबलवर अल्बम काढला. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम वाद्यवृंद सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा मंच आठवतो. इथला वाद्यवृंद म्हणजे शंभरेक वादकांचा पाश्चात्त्य सिम्फनीवाला.) बातमी म्हणून एवढं पुरे. पण ही रचना ज्या मिनिमलिझम नावाच्या प्रवाहातली, ते संगीत मुळात अशा वाद्यवृंदांकडे पाठ फिरवून जन्मलं होतं. ते याच हॉलमध्ये मानाने कसं येऊन बसलं, ते पाहण्यासारखं आहे.

तबल्याच्या सोलोला लागतो तो लेहरा आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर तेच एक आवर्तन तासभर फिरत असतं आणि आपला कान त्याच्या आधाराने तबल्यातल्या करामती पकडतो. आता समजा, तबला काढून टाकला आणि लेहराच कणाकणाने बदलायला लागला. आज एक स्वर वाढला, दहा आवर्तनांनी एक मात्रा सरकली. मिनिमलिझमची ही पाठ्यपुस्तकी व्याख्या नव्हे, पण ऐकायला बसताना उपयोगी पडते.

ही तुलना तशी ओढूनताणूनही नाही. 1965-66 च्या सुमाराला फिलिप ग्लास हा पुढे मिनिमलिस्ट म्हणून गाजलेला अमेरिकन संगीतकार पॅरिसमध्ये शिकत होता. तिथे एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाचता यावं म्हणून ते लिहून काढायचं काम त्याला मिळालं. त्याने सवयीने मात्रांचे गट पाडून रेषा ओढल्या की अल्लारखाँना ते पटेना, जोर भलत्याच जागी पडायचा. या झटापटीतून ग्लासला बेरजेने वाढणाऱ्या लयीची वाट सापडली. ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली हे त्याच वाटेवरचे आणखी दोन अमेरिकन संगीतकार तर 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे रीतसर शिष्य झाले. ज्या किराण्याचे सूर अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत रुजवले, त्याच घराण्याची दुसरी फांदी अशी न्यूयॉर्कला पोचली.

पण आपल्या विषयाचं गाव सॅन फ्रान्सिस्को. नोव्हेंबर 1964 मध्ये तिथल्या टेप म्युझिक सेंटरमध्ये रायलीची ‘इन सी’ पहिल्यांदा वाजली. रचना म्हणजे कागदावर 53 छोटे तुकडे. प्रत्येक वादकाने ते क्रमाने वाजवायचे, हवे तितक्या वेळा, आणि जमेल तेव्हा पुढच्यावर जायचं. वादक कितीही चालतील, वाद्यं कुठलीही. त्या संध्याकाळी वाजवणाऱ्यांत स्टीव्ह राइश हा तरुण संगीतकार होता. सगळे एकत्र राहावेत म्हणून एक अखंड ठोका मागे चालू ठेवा, ही सूचना त्याचीच. संचालक नाही, सिम्फनीचा डामडौल नाही. पुढे राइशने आणि ग्लासने आपापले छोटे संच बांधले आणि कलादालनांत, पोटमाळ्यांवर कार्यक्रम केले. मोठ्या वाद्यवृंदांना हे संगीत नको होतं, आणि यांनाही ते वाद्यवृंद फारसे नको होते.

ही अढी किती घट्ट होती हे 18 जानेवारी 1973 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दिसलं. बॉस्टन सिम्फनीच्या कार्यक्रमात राइशची ‘फोर ऑर्गन्स’ ठेवली होती. चार इलेक्ट्रिक ऑर्गन, खुळखुळ्यासारखे माराकास आणि एकच स्वरमेळ, तो ताणत ताणत नेलेला. काही मिनिटांत लोक बिथरले. हुर्यो, आरडाओरडा, संपवायला लावण्यासाठी मुद्दाम टाळ्या. थॉमस सांगतात त्याप्रमाणे एक बाई तर पुढे येऊन रंगमंचाच्या कडेवर डोकं आपटत ‘थांबवा’ म्हणून विनवत होती. हा कार्यक्रम ठरवणारा आणि त्या चारांपैकी एक ऑर्गन वाजवणारा 28 वर्षांचा पोरगा म्हणजे मायकल टिल्सन थॉमस. 2010 च्या ध्वनिमुद्रणाचे संचालक हेच.

अ‍ॅडम्स या मंडळींहून दहाएक वर्षांनी धाकटा, जन्म 1947 चा. वडिलांकडून क्लॅरिनेट शिकला, पुढे हार्वर्डमध्ये लिऑन कर्श्नरच्या हाताखाली रचना. कर्श्नर स्वतः अर्नोल्ड शोनबर्गचा विद्यार्थी. म्हणजे स्वरकेंद्रच मोडीत काढणाऱ्या परंपरेत अ‍ॅडम्स नातवासारखा वाढला, आणि ते घर त्याला कधीच मानवलं नाही. शिक्षण संपल्यावर होतकरू संगीतकाराने युरोपला जायचा रिवाज होता. हा 1971 मध्ये उलट्या दिशेने कॅलिफोर्नियाला गेला आणि वर्षभराने सॅन फ्रान्सिस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला लागला.

इथे एका डच माणसाचं श्रेय मोठं आहे, आणि ते फारसं कुणी देत नाही. एडो डी वार्ट 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीचे संगीत संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अ‍ॅडम्सला नव्या संगीताचा सल्लागार नेमलं. राइशसारख्याकडूनही या वाद्यवृंदाने रचना लिहून घेतली. डेव्हिस हॉल 1980 मध्ये उघडला, त्याच्या पहिल्याच हंगामात, एप्रिल 1981 मध्ये, अ‍ॅडम्सची ‘हार्मोनियम’ झाली. नाव ऐकून पेटी शोधू नका. ते वॉलेस स्टीव्हन्सच्या कवितासंग्रहावरून आलंय, आणि गंमत म्हणजे रचनेतल्या कविता जॉन डन आणि एमिली डिकिन्सनच्या आहेत. भला थोरला गायकवृंद, पूर्ण वाद्यवृंद आणि खाली मिनिमलिझमचा ठोका. पोटमाळ्यावरचं संगीत सभागृहात आलं ते असं.

मग अ‍ॅडम्स अडकला. दीडेक वर्ष काही सुचेना. एका रात्री त्याला स्वप्न पडलं. तो बे ब्रिजवरून गाडी चालवतोय आणि समोर खाडीत उभं असलेलं अगडबंब तेलवाहू जहाज पाण्यातून उठून सॅटर्न रॉकेटसारखं आकाशात झेपावतंय. सकाळी तो कामाला बसला आणि ते ठोके लिहिले. ‘हार्मोनीलेरे’ हे नाव शोनबर्गच्या 1911 च्या ग्रंथाचं, अर्थ स्वरसंवादशास्त्र. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच पोथीचं नाव. शोनबर्गने तो ग्रंथ ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरच्या स्मृतीला अर्पण केला होता, आणि रचनेच्या तीन भागांपैकी मधल्या भागात, ‘अन्फोर्टासची जखम’मध्ये (अन्फोर्टास म्हणजे दंतकथेतला, जखम बरी न होणारा राजा), माहलरच्या अपुऱ्या दहाव्या सिम्फनीतली किंकाळी ऐकू येते. तिसऱ्या भागाचं नाव ‘माइस्टर एकहार्ट आणि क्वॅकी’. क्वॅकी हे अ‍ॅडम्सच्या तान्ह्या मुलीचं लाडाचं नाव. दुसऱ्या एका स्वप्नात ती एकहार्ट या मध्ययुगीन गूढवाद्याच्या खांद्यावर बसून तारांगणात तरंगत होती आणि त्याच्या कानात काहीतरी सांगत होती.

पहिला प्रयोग 21 मार्च 1985 ला, डी वार्ट यांच्याच संचालनाखाली. ध्वनिमुद्रिकाही त्याच वर्षी नॉनसच कंपनीने काढली. तेव्हा या वाद्यवृंदाला हे सगळं नवीन होतं, आणि मला वाटतं ती ओढाताण ऐकूही येते. या संगीतात वादकाची परीक्षा सुरावटीत नसते. व्हायोलिनवाल्याने तोच चार स्वरांचा तुकडा शेकडो वेळा वाजवायचा, हात आखडू द्यायचा नाही आणि मोजणी चुकवायची नाही. सूर चुकला तर चालून जातं, पण आवर्तन चुकलं की अख्खी इमारत डळमळते.

मधल्या पंचवीस वर्षांत दोन गोष्टी घडल्या. थॉमस 1995 मध्ये संगीत संचालक म्हणून आले. आणि मोठ्या कंपन्यांना अमेरिकन वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणं परवडेनाशी झाली, तेव्हा या वाद्यवृंदाने 2001 मध्ये स्वतःचं लेबल काढलं. सुरुवात केली माहलरच्या सिम्फन्यांपासून. म्हणजे 2010 मध्ये ‘हार्मोनीलेरे’ पुन्हा समोर आली तोवर अमेरिकन ठोका आणि माहलरची किंकाळी, दोन्ही वादकांच्या हाडात मुरलं होतं. माझ्या कानाला फरक लागतो तो मधल्या भागात. 1985 मध्ये तो भाग ठोक्यांमधली विश्रांती वाटतो. 2010 मध्ये अख्खी रचना त्याच जखमेभोवती उभी राहिलेली दिसते.

‘शॉर्ट राइड’ थॉमस यांनीच जून 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पिट्सबर्ग सिम्फनीकडून पहिल्यांदा वाजवून घेतली होती. एक लाकडी ठोकळा टकटक करत राहतो आणि सगळा वाद्यवृंद त्याच्यामागे धापा टाकत धावतो. कुणीतरी रात्रीच्या वेळी भन्नाट स्पोर्ट्स कारमध्ये बसवून न्यावं आणि बसलो कशाला असं व्हावं, असं अ‍ॅडम्स तिच्याबद्दल म्हणतो. नावाने तिचा घात केला. लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या शेवटच्या रात्री ती 1997 मध्ये वाजणार होती, पण डायनाच्या मोटार अपघातानंतर वगळली. 2001 मध्ये पुन्हा कार्यक्रमात घेतली, तर 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांमुळे पुन्हा काढावी लागली. त्याच आठवड्यात इकडे डेव्हिस हॉलमध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी माहलरची सहावी सिम्फनी, त्याची सगळ्यांत काळोखी, मैफलीत वाजवत होती, आणि नव्या लेबलच्या पहिल्या अल्बमसाठी माइक चालू होते.