सागाच्या दोन झाडांत किती अंतर?

आजऱ्याकडे एका माळावर सागाची बाग बघायला गेलो होतो. बारा वर्षांची झाडं, सरळसोट. पण बुंधा दोन्ही पंजांच्या कवेत मावेल एवढाच. लागवड 2 बाय 2 मीटरवर, म्हणजे एकरी हजारभर झाडं, आणि आजवर एकही काढलेलं नाही. "हातानं लावलेलं हातानंच तोडायचं व्हय?" मालक म्हणाले.

उसाची सरी रुंद का सोडायची, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. सागाचंही तेच, फक्त चूक कळायला वीस वर्षं जातात.

साग उन्हाचा भुकेला. दाटीतही शेंडा उन्हासाठी वर धावतो, म्हणून उंचीत फारसा फरक पडत नाही. मार बसतो घेराला. खोड भरायला पानांचा पसारा लागतो आणि दाटीत तोच आखडतो. उंची तेवढीच राहून घेर दुप्पट झाला, तर लाकूड चौपट भरतं!

मग पहिल्यापासून लांब लांब लावावं? तिथंच गोम आहे. मोकळ्या झाडाला खालपासून जाड फांद्या फुटतात, आणि खोडात शिरलेली प्रत्येक फांदी म्हणजे फळीतली गाठ. रंधा मारताना गाठीभोवती रेषा वळलेल्या दिसतात. फांदी वाळलेली असेल तर गाठ निखळते, फळीला भोक पडतं. दाटीत खालच्या फांद्या सावलीनं कोवळ्या असतानाच वाळून गळतात, बुंधा साफ राहतो.

म्हणून आधी दाट लावायचं आणि टप्प्याटप्प्यानं विरळणी करायची, म्हणजे मधली झाडं काढत जायची. उशिरा, एकदम निम्मी झाडं काढली की खोडावर अचानक ऊन येतं, धुमारे फुटतात, साफ बुंध्यावर पुन्हा गाठी धरतात.

भराभर वाढलेलं लाकूड हलकं, ही भीती सागाला फारशी लागू नाही. त्याच्या वर्षवलयात सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा पट्टा असतो. वलय फार अरुंद राहिलं तर त्यात छिद्रांचाच वाटा वाढतो, म्हणजे उलट हळू वाढलेलंच हलकं पडतं. गाभा, म्हणजे खोडाच्या आतलं पक्कं लाकूड, मात्र वयाबरोबर भरतो, तिथं घाई चालत नाही.

साग तोडायला परवानगी लागते. ते कागद मालकांनी केले. मग चुन्याचा डबा घेऊन आम्ही ओळीओळीनं फिरलो. वाकडी, दुबेळकी, शेजाऱ्याच्या सावलीत दबलेली झाडं आधी. पहिल्या फुलीला त्यांचा हात अडखळला. संध्याकाळी तेच पुढं होते, आणि गोठ्याला किती वासे होतील ते मोजत होते.