अनंत की डबल तगर? आधी पान खुडा

गेल्या उन्हाळ्यात गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून अनंत म्हणून आणलेलं झाड दिवाळीपर्यंत मस्त फुललं. वास काही सुटेना. सासूबाईंनी एक पान खुडलं, देठातून पांढरा चीक आला. "अगं, ही तर डबल तगर!" नर्सरीवाल्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. दोघांचीही पानं तुकतुकीत, फुलं पांढरी नि भरगच्च.

चीक ही पक्की खूण. तगर कण्हेर-सदाफुलीच्या कुळातली. तिचा चीक मुलांच्या, मांजराच्या तोंडात जाऊ देऊ नये. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला चीक नसतो. त्याची कळी बहुधा एकेकटी, लांबट, पिळून ठेवलेल्या पंचासारखी. तगरीला कळ्यांचे झुपके. अनंताच्या जाड पाकळ्या दोन-तीन दिवसांत लोण्यासारख्या पिवळ्या होतात. तगरीलाही रात्री मंद वास असतो, पण नाक जवळ न्यावं लागतं. अनंत खोली भरून टाकतो.

तगरीचं फार सांगण्यासारखं नाही. भरपूर उजेड हवा, माती साधी चालते, छाटणी कधीही करा. एका रात्रीत पानं गायब झाली तर बोटाएवढी जाड, डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली हिरवी अळी शोधा. ती हाताने उचलली की काम झालं.

अनंत मात्र मानी. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आपली नाशिकची काळी माती नेमकी उलटी, चुनखडीची. त्यात आपण आरओचं वाया जाणारं पाणी "झाडांना होईल" म्हणून बादलीत साठवतो. त्यात क्षार जास्त असतात. अनंताला ते घालू नका. पावसाचं पाणी उत्तम, एसीतून ठिबकणारंही चालतं. कुंडीत कोकोपीट, लाल माती आणि गांडूळखत भरा. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. जुने लोक हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) घालायचे, पण चुनखडीच्या मातीत ते लवकर निकामी होतं. चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह जास्त टिकतं. खालची जुनी पानं पिवळी पडून माती सतत ओली राहत असेल, तर पाणी कमी करा. मी इथेच चुकले होते: शिरा न बघताच पाणी वाढवत गेले.

घरात पूर्वेची खिडकी द्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत कुंडीखाली खडे आणि पाण्याची ताटली ठेवा, फुलांवर फवारा मारू नका, डाग पडतात. छाटणी बहर संपल्यावर लगेच. आणि कळ्या धरल्यावर पाहुण्यांना दाखवायला कुंडी हॉलमध्ये आणलीत, तर त्या टपाटप गळतील. वास घ्यायचा तर पाहुण्यांची खुर्ची खिडकीशी न्या.