२७ कंडोर आणि दोन झू

प्राणीसंग्रहालय म्हणजे प्राण्यांचा तुरुंग, बंदच करून टाका सगळी, असं बरेच जण म्हणतात आणि काही झूंची अवस्था बघून मलाही संताप येतो. पण कॅलिफोर्निया कंडोरची गोष्ट माहीत असेल तर असं सरसकट बोलवत नाही.

कंडोर म्हणजे अमेरिकेतलं गिधाड, पंख पसरले की जवळजवळ ३ मीटर. १९८० च्या दशकात हे इतके कमी झाले की शेवटी ठरलं, उरलेले सगळे पकडून आणायचे. प्रचंड विरोध झाला, पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा रानातच मानाने मरू द्या म्हणणारे नावाजलेले पर्यावरणवादीसुद्धा होते. तरी एप्रिल १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षी पकडला आणि अख्ख्या जगात कंडोर उरले २७, सगळेच्या सगळे सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या झूंच्या ताब्यात.

अडचण अशी की मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही बहुतेकदा दोन वर्षांतून एकदा. पण सुरुवातीलाच अंडं गेलं तर ती पुन्हा घालते! मग झूवाल्यांनी काय केलं, पहिलं अंडं काढून इनक्युबेटरमध्ये ठेवलं आणि दुसरं आईबापांना उबवू दिलं. इनक्युबेटरमधल्या पिल्लाला माणसाची सवय लागली तर ते पुढे माणसांच्याच मागे फिरणार, म्हणून भरवणारा पडद्याआड बसायचा, हातात कंडोरच्या डोक्याची बाहुली घालून, तेच बोडकं डोकं, तीच बाकदार चोच, आणि त्या चोचीनेच घास द्यायचा. जोड्यासुद्धा नातं तपासूनच लावायच्या, कारण आजचे सगळे कंडोर फक्त १४ मूळ पक्ष्यांचे वंशज आहेत.

१९९२ पासून त्यांना परत सोडायला लागले. सुरुवातीचे काही विजेच्या तारांना लागून मेले, म्हणून मग मोठ्या पिंजऱ्यात खोटे खांब उभारले, वर बसलं की हलकासा शॉक, पक्षी शिकले खांबापासून लांब राहायला. आज ५०० च्या वर कंडोर आहेत आणि निम्म्याहून जास्त मोकळ्या आकाशात.

पण मरतात अजूनही, आणि मुख्य कारण शिसं. शिकारी हरीण मारतात, आतडी तिथेच टाकून जातात, त्यात गोळीचे बारीक बारीक तुकडे असतात, ते पोटात गेले की पचनसंस्था लुळी पडते आणि पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, पण सगळीकडे तशी बंदी नाही, त्यामुळे आजही मोकळे कंडोर पुन्हा पुन्हा पकडून रक्त तपासावं लागतं. झू पिल्लं वाढवून देईल हो, गोळी कुठली वापरायची ते झूच्या हातात थोडंच आहे?

आपल्याकडे हेच डायक्लोफेनॅकने केलं. गुरांना टोचलेलं औषध, मेलेली गुरं खाऊन गिधाडांची किडनी निकामी. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं पैदास केंद्र आहे, तिथली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली. गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांमधून ते गुरांना टोचलं जातच होतं, २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद केल्या. तेव्हा घरी गुरं असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मेलॉक्सिकॅम द्या, गुराचं दुखणंही थांबतं आणि गिधाडालाही त्याने काही होत नाही.