बांध ओलांडणारी शेती: शेजाऱ्यांचे गट कसे उभे राहिले

काळ्या शेपटीचा पाणटिवळा हा लांब चोचीचा पाणपक्षी ओल्या कुरणात, थेट जमिनीवर घरटे करतो. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की लगेच स्वतःच किडे टिपत फिरू लागतात आणि उंच, विरळ गवताच्या शोधात शेजारच्या कुरणांत चालत जातात. एका शेतकऱ्याने घरट्याभोवतीचे गवत राखले आणि त्याच आठवड्यात पलीकडच्याने आपले कापले, तर घरटे वाचते पण पिल्ले मरतात. शेजारी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जैवविविधता सांभाळण्याची पद्धत या अडचणीतूनच घडत गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात उत्पादन वाढवणे हेच शेतीधोरण होते. ब्रिटनच्या 1947 च्या कृषी कायद्याने शेतमालाला हमीचे भाव दिले. यंत्रांना मोठी शेते हवी होती म्हणून जिवंत कुंपणे उपटली गेली, आणि पाणथळ कुरणांत चर काढून पाण्याची पातळी खाली नेली गेली. चंडोल, टिटवी, ग्रे पार्ट्रिज (तितराचा एक प्रकार) हे शेतात राहणारे पक्षी झपाट्याने कमी झाले. तणनाशकांमुळे तण गेले, तणांबरोबर त्यांच्यावर जगणारे किडेही गेले. पार्ट्रिजच्या पिल्लांना पहिले दोन आठवडे प्रामुख्याने किडेच लागतात. इंग्लंडच्या ससेक्समध्ये 1968 पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासातून हा संबंध स्पष्ट झाला.

सरकारांनी उपाय काढला तो भरपाईचा. नेदरलँड्सने 1975 मध्ये शेती आणि निसर्ग यांच्या संबंधाबद्दलचे धोरण आणले, इंग्लंडने 1987 मध्ये ठरावीक संवेदनशील भागांसाठी योजना सुरू केली, आणि 1992 च्या सुधारणांनंतर युरोपीय समुदायातल्या प्रत्येक देशाला अशा योजना देणे बंधनकारक झाले. करार मात्र एकेका शेतकऱ्याशी होत असे. शेतकरी साहजिकच आपल्या सोयीचा, कमी पिकणारा कोपरा योजनेत घालायचा. नकाशावर हिरवे ठिपके वाढत गेले, पण ते एकमेकांना जोडलेले नव्हते. 2001 मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या डच अभ्यासाने दाखवले की करारातल्या शेतांवर वनस्पती आणि पक्ष्यांची विविधता इतर शेतांपेक्षा वाढलेली नव्हती. याचे एक कारण पाणी होते. शेजारचा चर खोल असेल तर तुमचे कुरण ओले राहत नाही, तुम्ही कापणी कितीही उशिरा करा.

पाण्याचाच प्रश्न ऑस्ट्रेलियात उलट्या बाजूने आला होता. खोल मुळांची मूळची झाडे काढून तिथे गहू आणि चराऊ गवत आले, तेव्हा पावसाचे जास्त पाणी खाली झिरपू लागले. भूजल वर चढले आणि सोबत जमिनीतले मीठही वर आले. हे मीठ बहुधा झाडे तोडणाऱ्याच्या उंचावरच्या जमिनीत न फुटता उताराखालच्या शेजाऱ्याच्या शेतात फुटते, म्हणून एकट्याने लावलेली झाडे पुरत नाहीत. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या विंजालॉक इथे पहिला लँडकेअर गट, म्हणजे जमिनीची एकत्र निगा राखणाऱ्या शेजाऱ्यांचा गट, स्थापन झाला. राज्याच्या मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघटनेच्या अध्यक्ष हेदर मिचेल यांनी मिळून ही योजना उभी केली. 1989 मध्ये राष्ट्रीय शेतकरी महासंघाचे रिक फार्ली आणि पर्यावरण संघटनेचे फिलिप टॉयन यांनी एकत्र मागणी केली, आणि पंतप्रधान बॉब हॉक यांनी लँडकेअरचे दशक जाहीर केले. एरवी समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन संघटनांनी एकच मागणी लावून धरली, हे त्या यशाचे खरे कारण वाटते.

नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात 1992 मध्ये वेल आणि वानला या दोन संस्था निघाल्या. तिथली छोटी शेते आल्डर नावाच्या झाडांच्या रांगांनी वेढलेली आहेत. आम्लवर्षावाला संवेदनशील असे या रांगांचे वर्गीकरण होऊन त्यांना जपण्याचे नियम लागू झाले असते, तर पशुपालनावर कडक बंधने आली असती. शेतकऱ्यांनी सौदा मांडला: रांगांची निगा आम्ही एकत्रितपणे राखतो, ते वर्गीकरण आमच्यावर लादू नका. पुढे त्यांनी शेतातल्या नत्राचा हिशेबही गटाने ठेवला. करारात काय असावे हे शेतकऱ्यांनी सुचवावे, ही कल्पना अशा ठिकाणी रुजली.

2016 पासून नेदरलँड्समध्ये वैयक्तिक करार बंदच झाले. सरकार एका भागातल्या शेतकरी संघाशी एकच करार करते, आणि तो संघ आपल्या सभासदांशी स्वतंत्र करार करतो. सुरुवातीला असे 40 संघ होते. या रचनेचा मोठा फायदा हंगामाच्या मधोमध दिसतो. सभासद आणि स्वयंसेवक घरटी मोजतात, त्यावरून कोणते कुरण जूनपर्यंत राखायचे आणि कोणते आधी कापायचे हे ठरते. पाणटिवळ्याची पिल्ले कराराबाहेरच्या शेतात शिरली, तर संघ त्या शेतकऱ्याला कापणी पुढे ढकलायला सांगू शकतो आणि त्याचे पैसे देऊ शकतो. सरकारी कार्यालयातून हा बदल तीन दिवसांत होणे कठीण. वसंताच्या सुरुवातीला काही कुरणांवर मुद्दाम उथळ पाणी साठवतात. तिथे स्थलांतरातून परतलेले पक्षी उतरतात. खत भरपूर घातलेले दाट गवत मात्र पिल्लांना भेदून जाता येत नाही. उशिरा कापणी असूनही पिल्ले जगत नसतील, तर आधी गवताची दाटी तपासावी.

इंग्लंडमध्ये परिसंस्थाशास्त्रज्ञ जॉन लॉटन यांच्या समितीने 2010 मध्ये सांगितले की निसर्गक्षेत्रे संख्येने अधिक, आकाराने मोठी, दर्जाने चांगली आणि एकमेकांना जोडलेली हवीत. 2012 मध्ये निवडलेल्या 12 निसर्ग सुधारणा क्षेत्रांपैकी मार्लबरो डाउन्स या टेकड्यांच्या भागाचे नेतृत्व शेतकऱ्यांकडेच होते. त्याच सुमारास गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट ही वन्यजीव संशोधन संस्था आणि नॅचरल इंग्लंड ही सरकारी निसर्गसंस्था यांनी शेतकऱ्यांच्या गटांचे प्रयोग सुरू केले. अशा गटांना जोडून ठेवणाऱ्या समन्वयकासाठीचा 2015 चा सरकारी निधी मिळण्यासाठी किमान 4 शेतकरी आणि 2,000 हेक्टर सलग जमीन लागे. पैसा समन्वयकाच्या वेळेसाठी आणि प्रशिक्षणासाठी होता, शेतातल्या कामांसाठी नाही. समन्वयक शेतकऱ्यांनी स्वतः निवडलेला असेल तरच तो टिकतो, हे आम्ही ठामपणे म्हणू.

गटाची कामे बारीक असतात. मोठ्या शेताच्या मधोमध नांगराने दोन्ही बाजूंची माती आत ओढून सुमारे 2 मीटर रुंद, 40 सेंटिमीटर उंच वरंबा करतात आणि त्यावर झुबकेदार गवत पेरतात. त्यात हिवाळा काढणारे भुंगेरे वसंतात पिकात उतरून मावा ही कीड खातात. पहिल्या वर्षी गवत 10 सेंटिमीटर झाले की कापावे लागते, नाहीतर तण माजते. यंत्र वळावे म्हणून दोन्ही टोके मोकळी ठेवतात. चंडोलासाठी हिवाळी गव्हात हेक्टरी 2 मोकळे तुकडे, प्रत्येकी किमान 16 चौरस मीटरचे, कडेपासून 50 मीटर आत सोडतात. ते ट्रॅक्टरच्या चाकोरीला चिकटले तर कोल्ह्याला सरळ वाट मिळते.

हिवाळ्याच्या शेवटी खरी टंचाई येते. पक्ष्यांसाठी पेरलेल्या पट्ट्यांतले दाणे जानेवारीतच संपतात, म्हणून डिसेंबर ते एप्रिल आठवड्यातून एकदा तरी धान्य पसरतात. एकाच जागी ढीग टाकला की उंदीर जमतात. जागा बदलत राहावी. गटाला इथे वेगळा मार्ग उपलब्ध असतो: एकाने एक वर्षाचे मिश्रण पेरायचे, शेजाऱ्याने दुसऱ्या वर्षी बी धरणारे केल हे कोबीच्या कुळातले पीक. एकाचे दाणे संपले की थवा दुसऱ्याकडे जातो.

गट मोडण्याची कारणे जवळपास सगळीकडे तीच दिसतात. समन्वयकाचा निधी संपतो, किंवा मधला एक शेतकरी बाहेर राहतो आणि चराची पातळी त्याच्या हातात असते. सुरुवातीची मोजणी केलेली नसेल, तर पाच वर्षांनी काय बदलले हे सांगता येत नाही. त्यासाठी तीच वाट, तोच महिना आणि सकाळची तीच वेळ ठरवून घ्यावी. डच संघांत एका सभासदाची चूक पूर्ण संघाच्या रकमेत कपात घडवू शकते, म्हणून संघ सरकारी तपासणीआधी स्वतःच शेतफेरी करतात. इंग्लंडमध्ये 2022 पासून किमान 500 हेक्टरच्या प्रकल्पांसाठी दीर्घ मुदतीची योजना आहे. तिचे करार 20 वर्षांहून मोठे असू शकतात, तर भाडेपट्ट्याने जमीन कसणाऱ्यांचे पट्टे बरेचदा त्याहून फार लहान असतात. अशा शेतकऱ्याला गटात कसे सामावून घ्यायचे, हे जमीनमालकाला बैठकीत बसवून पहिल्या नकाशाबरोबरच ठरवावे लागते.