कडक मुख्याध्यापक, हुशार मुलं?

कडक मुख्याध्यापक म्हणजे चांगली शाळा, हा आपल्याकडचा जुना समज. व्हरांड्यात सरांची पावलं वाजली की वर्ग चिडीचूप! संशोधनाचा कौल मात्र थोडा वेगळा आहे.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुख्याध्यापकांच्या कामाचे पाच भाग पाडून प्रत्येकाचा मुलांच्या प्रगतीशी असलेला संबंध आकड्यात मोजला; आकडा जितका मोठा, तितका संबंध ठळक. शिस्तशीर, सुरक्षित वातावरणाला मिळाले ०.२७. शिक्षकांना शिकतं ठेवणं आणि स्वतःही त्यांच्यासोबत शिकायला बसणं, याला ०.८४. हा दुसरा आकडा मोजक्या अभ्यासांवर उभा आहे, त्यामुळे तो शब्दशः घेऊ नये. पण दिशा स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांचा प्रभाव मुलांपर्यंत पोहोचतो तो बहुतांशी शिक्षकांमार्फत.

खासगी शाळांत हे कसं घडतं, याचं उत्तर आंध्र प्रदेशात सापडतं. रेनाटा लेमोस, कार्तिक मुरलीधरन आणि डॅनिएला स्कर यांनी तिथल्या सरकारी आणि खासगी शाळांच्या कारभाराला गुण दिले. मुलांचे नुसते मार्क न बघता शाळेत आल्यावर त्यांची प्रगती किती झाली, तेही पाहिलं; नाहीतर हुशार मुलं निवडून घेणाऱ्या शाळेला फुकटचं श्रेय मिळतं. कारभारात खासगी शाळा पुढे निघाल्या, त्या मुख्यतः माणसं सांभाळण्यात. तिथे चांगलं शिकवणाऱ्याला पगार जास्त होता आणि ज्या खासगी शाळांचा कारभार चांगला, तिथे असे शिक्षक टिकण्याची शक्यताही अधिक होती. सरकारी शाळांत यातलं काहीच दिसलं नाही. अर्थात हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

शिवाय खासगी म्हणजे आपोआप सरस, असंही नाही. याच राज्यात सोडतीने शिष्यवृत्ती देऊन मुलांना खासगी शाळेत पाठवण्याचा प्रयोग झाला होता. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात ती मुलं इतरांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र होती. हे सगळं खासगी शाळांनी सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्चात केलं, हे मला जास्त लक्षणीय वाटतं.

महाराष्ट्रात तर मुख्याध्यापक निवडण्याची वाटच वेगळी आहे. खासगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार हे पद साधारणपणे पात्र शिक्षकांतल्या सेवाज्येष्ठाकडे जातं. शिक्षक घडवण्याचं कसब त्यांच्याकडे किती आहे, हे ज्येष्ठतेच्या यादीत कळत नाही.