अपात्र ठरलेल्या मिनी पीसीवर विंडोज ११ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मिनी पीसी, म्हणजे लहान आकाराचा डेस्कटॉप संगणक, वापरणारे अनेक ग्राहक सध्या एकच प्रश्न घेऊन दुकानात येतात. यंत्र उत्तम चालते, पण ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ असा संदेश पडद्यावर येतो. मग हे यंत्र मोडीत काढायचे का? चांगले चालणारे यंत्र मोडीत काढू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र अशा यंत्रावर विंडोज ११ टाकून घेण्यापूर्वी त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आपण नीट समजून घ्यावे अशी आमची विनंती आहे. विंडोज टाकणे हे एका दुपारचे काम आहे. पुढची काही वर्षे ते यंत्र सांभाळणे हे खरे काम असून त्यातला मोठा वाटा आपल्यालाच उचलावा लागतो.

अडचण नेमकी कुठे आहे

विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या दिवसानंतरही विंडोज १० चालू राहते, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणे थांबते. विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आले तेव्हाच मायक्रोसॉफ्टने त्यासाठी अटी घातल्या होत्या : टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप किंवा तशी सोय), सिक्युअर बूटची (यंत्र सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त प्रोग्राम चालू देणारी) सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरच्या यादीत नाव. बाकीच्या अटी बहुतेक मिनी पीसी पूर्ण करतात आणि यादीपाशी अडतात, कारण इंटेलच्या बाबतीत ती यादी मोजके अपवाद सोडता आठव्या जनरेशनपासून, म्हणजे प्रोसेसरच्या आठव्या पिढीपासून, सुरू होते.

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून वापरून बाहेर पडलेले आणि आपल्या बाजारात सेकंड हँड म्हणून सर्रास मिळणारे लेनोवो थिंकसेंटर एम७१०क्यू व एम९१०क्यू, डेल ऑप्टिप्लेक्स ३०५० व ७०५० मायक्रो, एचपी एलिटडेस्क ८०० जी२ व जी३ मिनी हे सगळे सहाव्या-सातव्या जनरेशनचे, म्हणजे अगदी उंबरठ्यावर अडलेले आहेत. कोअर आय५-७५००टी या चार कोअरच्या प्रोसेसरवर पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल ही कामे आजही विनातक्रार होतात.

मग ही यादी केवळ नवीन यंत्रे खपवण्यासाठी आहे का? बरेच जण तसे म्हणतात, पण ते पूर्ण खरे नाही. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचे एक संरक्षण आहे, जे घातक प्रोग्रामला विंडोजच्या गाभ्यात शिरू देत नाही. त्यासाठी लागणारी खास सोय इंटेलच्या सातव्या जनरेशनपासून प्रोसेसरमध्येच आहे. सहाव्या जनरेशनमध्ये ती नसल्यामुळे तेच काम सॉफ्टवेअरने करावे लागते आणि यंत्राचा वेग जाणवण्याइतका उतरू शकतो. म्हणून सहाव्या जनरेशनच्या यंत्रावर हे संरक्षण चालू ठेवायचे की बंद, हे आम्ही आपल्याला विचारतो आणि आपले उत्तर कामाच्या पावतीवर लिहितो.

आधी खात्री करावी : यंत्र खरोखर अपात्र आहे का

आमच्याकडे येणारी काही यंत्रे मुळात पात्रच असतात. फक्त त्यांची एखादी सेटिंग बंद असते. अशा यंत्रावर आडवाटेने, म्हणजे अटींची तपासणी वगळून, विंडोज टाकून घेणे म्हणजे विनाकारण कायमची उठाठेव मागे लावून घेणे होय.

पहिली तपासणी आपण घरीच करू शकता. प्रोसेसरच्या नावात आय३, आय५ किंवा आय७ यानंतर येणारा आकडा पाहावा. तो ६५००टी असेल तर जनरेशन सहावे, ७५००टी असेल तर सातवे आणि ८५००टी असेल तर आठवे. आठवे किंवा त्यापुढचे असेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची नसते. थिंकसेंटर एम७२०क्यू, ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो आणि एलिटडेस्क ८०० जी४ मिनी ही या गटातली नेहमी दिसणारी यंत्रे आहेत.

त्यानंतर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करावी. उघडणाऱ्या खिडकीत आवृत्ती २.० दिसली तर टीपीएम व्यवस्थित आहे. टीपीएम सापडत नाही असे लिहून आले, तरी तो नसेलच असे नाही. इंटेलच्या यंत्रांत तो ‘प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ या नावाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेला असू शकतो. त्याचप्रमाणे पूर्वी कोणीतरी जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने विंडोज टाकले असेल, तर सिक्युअर बूट चालू होत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने डिस्कची मांडणी बदलता येते आणि आतील माहिती जागेवर राहते. तरीही बॅकअप घेतल्याशिवाय आम्ही त्या कामाला हात लावत नाही.

येथे एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. एका कर सल्लागारांच्या कार्यालयात कोणीतरी इंटरनेटवर वाचून बायोसमधील टीपीएमची निवड बदलली आणि यंत्र सुरू करताच निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, ते खाते नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर उघडलेले होते. त्या गृहस्थांनी सौजन्याने मदत केली म्हणून माहिती परत मिळाली. ते भेटले नसते तर आम्हालाही काही करता आले नसते. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे का ते पाहावे आणि असल्यास ती की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. यंत्र आमच्याकडे दिल्यास आम्ही सर्वांत आधी हेच पाहतो.

आम्ही हे काम कसे करतो

यंत्र खरोखर अपात्र असेल, सहाव्या किंवा सातव्या जनरेशनचे असेल, त्यात एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) आणि किमान ८ जीबी रॅम असेल, तरच आम्ही विंडोज ११ टाकून देतो. साध्या हार्ड डिस्कवर किंवा ४ जीबी रॅमवर ते सुरू होते, पण काम करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. सहाव्या जनरेशनहून जुन्या यंत्रांसाठी हे काम आम्ही घेत नाही. इंटेलच्या कोअर टू ड्युओ या बऱ्याच जुन्या प्रोसेसरच्या काळातील यंत्रांवर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या प्रोसेसरमधील काही मूलभूत आज्ञाच त्यांत नाहीत.

विंडोजची फाइल आम्ही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घेतो. कोरे विंडोज टाकायचे असल्यास रुफस या मोफत साधनाने पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी वगळता येते. आपले प्रोग्राम आणि फाइली जागेवर ठेवून विंडोज १० वरून ११ वर जायचे असल्यास सेटअप वेगळ्या आज्ञेने सुरू करावा लागतो आणि तेव्हा पडद्यावर ‘विंडोज सर्व्हर’ असे नाव झळकते. ते पाहून काही ग्राहक धास्तावतात. प्रत्यक्षात विंडोज ११ च पडते. विंडोज १० चा मूळ परवाना असलेल्या यंत्रावर त्याच प्रकारचे, म्हणजे होमवर होम आणि प्रोवर प्रो, विंडोज ११ टाकल्यास ते नवीन की न देता सक्रिय होते. दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कींची खात्री देता येत नाही, म्हणून आम्ही त्या वापरत नाही.

विंडोज टाकताना यंत्र उघडून पंख्यातील धूळ काढणे, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवीन बसवणे हे या कामातच धरलेले आहे. सेल संपला की यंत्राची तारीख मागे जाते, बँकेचे संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडते आणि दोष मात्र नव्या विंडोजला दिला जातो.

नंतर काय अपेक्षा ठेवावी

दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या अशा यंत्रांवर आजवर येत आल्या आहेत. परंतु त्या मिळण्याचा हक्क या यंत्रांना नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलेले आहे. उद्या त्या थांबल्या तर दाद मागायला जागा नाही आणि आम्हीही त्याची हमी देऊ शकत नाही. वर्षाकाठी येणारी नवी आवृत्ती अशा यंत्रावर आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांची मुदत असते. उदाहरणार्थ, २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपते. म्हणून पुढची आवृत्ती वरून टाकून घेण्यासाठी वर्ष-दीड वर्षातून एकदा यंत्र आणावे लागेल. हा खर्च आजच हिशेबात धरावा.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. सिक्युअर बूटसाठी वापरली जाणारी २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कालबाह्य होतात आणि त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे यंत्रात बसावी लागतात. ती बसली नाहीत तरी यंत्र सुरू होते, पण सुरू होण्याच्या टप्प्याशी संबंधित पुढील सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळत नाहीत. जुन्या यंत्रांचे बायोस उत्पादकांकडून अद्ययावत होणे बऱ्याचदा थांबलेले असते, त्यामुळे उपलब्ध असलेला शेवटचा बायोस टाकूनच आम्ही यंत्र परत देतो.

कोणी हा मार्ग घेऊ नये

ज्या यंत्रावर दुसऱ्यांचे पैसे किंवा कागदपत्रे सांभाळली जातात, त्या यंत्रासाठी आम्ही हा मार्ग सुचवत नाही. कर सल्लागार, वकील, दवाखाने, पतसंस्था, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनने निविदा भरणारे ठेकेदार यांनी आठव्या जनरेशनचा मिनी पीसी घ्यावा. जुन्या यंत्रातील एसएसडी आणि रॅम बहुतेक वेळा त्यात बसते, त्यामुळे वाटतो तेवढा खर्च येत नाही. काही महिन्यांची सवड हवी असल्यास, घरगुती विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा मुदत मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली आहे. तिची नोंदणी आम्ही करून देतो.

घरातील मुलांचा अभ्यास, इंटरनेट, ईमेल आणि साधे लेखन एवढाच उपयोग असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार जरूर करावा. त्याच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत आणि जुन्या प्रोसेसरला तेथे कोणी अडवत नाही. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट पद्धतीने त्यावर उत्तम टाइप होते. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मराठी मजकूर तेथे नीट उघडेलच असे नाही, हे निर्णयापूर्वी लक्षात घ्यावे.

मॅकओएस टाकून देण्याची विचारणाही अधूनमधून होते. ॲपलचा परवाना केवळ ॲपलच्याच यंत्रांपुरता असल्याने ते काम आम्ही करत नाही.

यंत्र आणताना त्याचा मूळ अडॅप्टर सोबत आणावा. डेलच्या मिनी पीसीला दुसरा अडॅप्टर ओळखू आला नाही तर ते मुद्दाम संथ चालते आणि तपासणी चुकीची होते. मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल, त्या खात्याला जोडलेला मोबाइल आणि बॅकअपसाठी रिकामी हार्ड डिस्क हेही आणावे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस आणण्याची आवश्यकता नाही.